रीबेला मागितलेली माफी

१४ नोव्हेंबर २०१३, गुरुवार. कुरुम, मस्कत. सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाचा माणूस आला, वॉशर बदलून गेला. नाश्त्याला फोडणीची पोळी. लेकीचा, वल्लरीचा, डेन्मार्कहून फोन. तिकडे दुपारीच अंधार पडतो म्हणाली. तीनच्या सुमारास दयानंदच्या मालकाचा, जमालचा फोन. दयानंदने सूर गावाच्या वाटेवर एका गोऱ्या पाहुण्याचं डोकं दगडाने फोडलं. पाहुणा इस्पितळात बेशुद्ध, दयानंद पोलीस कोठडीत. मुलगा, सलील, ऑफिसातून आल्यावर त्याला सांगितलं. तो म्हणाला, हे एक दिवस होणारच होतं.

सलीलचं म्हणणं खोटं नव्हतं. दयानंद आमच्याकडे १९८८ साली आला. माझे यजमान राजीव तेव्हा रुवीतल्या एका बांधकाम कंपनीत होते आणि कंपनीने त्यांना गाडी आणि ड्रायव्हर दिला होता. देवगडजवळच्या खाडीकाठच्या गावातला हा माणूस अंगाने सुकट होता, पण मनगटं वल्ह्यासारखी. वडील मचव्यावर तांडेल. ते वल्ह्याच्या तुकड्याने मारायचे आणि मारताना एक शब्द बोलायचे नाहीत, त्यामुळे मार कधी थांबणार ते कळायचं नाही, असं तो सांगे. सांगताना हसे.

त्याला राग चढताना कोणी पाहिला नाही. इतरांचा आवाज वाढतो, डोळे लाल होतात, माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. दयानंदचा चेहरा होता तसाच राहायचा आणि हात गेलेला असायचा. आल्यावर वर्षभरातच रुवीच्या बस स्टँडवर एका टॅक्सीवाल्याने गावाकडून नव्यानेच आलेल्या पोराची बॅग ओढून घेतली. दयानंदने त्या टॅक्सीवाल्याचं तोंड त्याच्याच बॉनेटवर आपटलं. पुढचे दात गेले. राजीव दोन दिवस पोलीस ठाण्यात खेपा घालत होते. शेवटी टॅक्सीवाल्याच्या काकांसमोर कॉफी झाली, दयानंदने त्यांच्या खांद्याला ओठ लावले, आणि त्यांनी माफ केलं. इथे मारामारीत ज्याला लागलं त्याने माफ केलं की बरंचसं प्रकरण तिथेच संपतं. त्याला तनाज़ुल म्हणतात. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

त्याची बायको सुगंधा गावाला. तो वर्षाआड रजेवर जायचा. अशाच एका रजेत भातात केस निघाला म्हणून त्याने तिच्या कानाखाली मारली, आणि तिचा डावा कान कायमचा गेला. हे त्याने परत आल्यावर स्वतः राजीवना सांगितलं आणि पुढे आठवडाभर आमच्या घरी पाणीसुद्धा प्यायला नाही. मी पुढे कधीतरी देवगडला गेले तेव्हा सुगंधाला विचारलं. ती म्हणाली, "ह्या कानात आता नुसतो समुद्र वाजता." तिने ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही.

१९९४ साली कंपनीच्या कॅम्पात त्याचं तिथल्या आचाऱ्याशी पाण्यावरून वाजलं. दुसऱ्या दिवशी दयानंद ओट्यावर पाठमोरा बसून चहा पीत होता, तेव्हा आचाऱ्याने मागून येऊन बरगडीखाली सुरी घातली. दयानंद तसाच सुरीसकट उठला आणि त्याने वरवंट्याने आचाऱ्याचे दोन्ही हात मोडले. मग खाली पडला. तो वाचला, आचाऱ्याला परत पाठवलं. त्यानंतर दयानंद दाराकडे पाठ करून कधी बसला नाही. सुरीला तर त्याने हातच लावला नाही. मासळी दुसऱ्याकडून कापून घ्यायचा, कांदा बुक्कीने फोडायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो आणि तोही हसायचा.

आणि तोच माणूस २००७ च्या वादळात, कुरुमच्या रस्त्यांतून वाडीचं, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीचं, पाणी गाड्या वाहून नेत होतं तेव्हा, छातीभर पाण्यात आमच्या गाडीपर्यंत पोचला. दार उघडेना. त्याने कोपराने काचेवर मारलं, फुटेपर्यंत मारलं, राजीवना गळपट्टी धरून खेचून बाहेर काढलं. त्याच्या कोपरात काचेचे तुकडे रुतले होते आणि राजीवच्या गळ्यावर पंधरा दिवस वळ होता. राजीव त्यानंतर तीन वर्षं जगले. दयानंदला भेटायला मी सूरला का गेले असं सलीलने मला विचारलं, तेव्हा मी त्याला दुसरं काही सांगितलं नाही.

राजीव गेल्यावर कंपनीची गाडी गेली आणि दयानंद जमालकडे लागला. जमाल सूरचा. त्याच्या आजोबांची गलबतं मुंबईला जायची, त्यामुळे घरात सगळ्यांना हिंदी येतं. तो पाहुण्यांना मस्कतहून समुद्राच्या कडेकडेने सूरला न्यायच्या गाड्या चालवतो. वाटेत वाडी शाब, पुढे कल्हातचे अवशेष, सूरचा गलबतांचा कारखाना, रात्री कासवांचा किनारा. दयानंदला हे काम आवडत होतं. पाहुणे बोलत नाहीत, समुद्र बघतात, असं तो म्हणायचा.

सूरच्या कोठडीत जमालने माझी आणि दयानंदची भेट घालून दिली. त्याच्या हनुवटीवर दाढी वाढली होती आणि सदऱ्यावर वाळलेलं रक्त तसंच होतं. झालं ते त्याने असं सांगितलं.

गाडीत एक म्हातारं डॅनिश जोडपं होतं. तिवी गाव सोडल्यावर वळणावर बकऱ्यांचा कळप अंगावर आला आणि एक बोकड चाकाखाली आला. मागचे दोन्ही पाय चेचले गेले, पण तो मेला नाही. पुढच्या पायांवर सरपटत राहिला आणि ओरडत राहिला. दयानंद उतरला. आजूबाजूला गुराखी नव्हता. त्याने एक मोठा दगड उचलला आणि बोकडाच्या डोक्यात घातला. पहिला घाव नीट बसला नाही. दुसरा घालायला दगड उचलला, तेवढ्यात मागून कोणीतरी त्याचा खांदा धरला. त्याने मान वळवली तर कमरेजवळ उघडा चाकू.

"वहिनी, मी बघलंयसुद्धा नाय कोण आसा तो. चाकू बघलंय आणि दगड मारलंय."

दगड दोनदा मारला होता. दुसरा, तो माणूस पडल्यावर. ते त्याने लपवलं नाही.

चाकू मात्र सापडला नाही. पोलिसांनी सगळी दगडधोंड्यांची उतरण पाहिली. त्या माणसाच्या बायकोने जबाबात सांगितलं की चाकू नव्हताच. तिचा नवरा जनावराची दया येऊन ड्रायव्हरला थांबवायला गेला आणि ड्रायव्हरने त्याला कारण नसताना ठेचलं. तो माणूस स्वतः नऊ दिवसांनी शुद्धीवर आला, पण त्याला त्या सकाळचं काही आठवत नव्हतं. सुरीने एकदा भोसकलेल्या माणसाला सगळीकडे सुरी दिसते, असं आमचा वकीलही हळूच म्हणाला. दयानंदला दोन वर्षांची शिक्षा झाली.

बोकडाचं प्रकरण मालकाकडे कॉफी आणि खजूर होऊन दुसऱ्याच दिवशी मिटलं होतं. जमाल मला म्हणाला, "मॅडम, बकरीवाले ने माफ किया. अब वो आदमी माफ करेगा, तो खलास. नहीं तो ये अंदर ही बूढ़ा हो जाएगा." मग त्याने त्या माणसाच्या गावाचं नाव सांगितलं. रीबे.

वल्लरी आणि तिचा नवरा एस्बियेर्गला राहतात. तिथून रीबे अर्ध्या तासावर आहे. वल्लरीने मला त्या गावच्या चर्चचे फोटो पाठवले होते. जूनमध्ये मी तिच्याकडे जाणारच होते. सलील म्हणाला, "आई, तू नातवंडं बघायला चालली आहेस, वकिली करायला नाही." मी बॅगेत मस्कतचा हलवा आणि ऊद ठेवला. इथे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत.

रीबे हे डेन्मार्कमधलं सर्वांत जुनं गाव म्हणतात. गाव छोटं, गोल दगडांचे रस्ते, लाकडी चौकटींची वाकलेली घरं, दारांपुढे गुलाब, आणि मधोमध विटांचा मोठा मनोरा असलेलं चर्च. मला पाहताक्षणी आवडलं आणि आवडल्याची लाज वाटली. त्या माणसाचं नाव प्रेबेन. तो खाटकाचा मुलगा, स्वतः खाटीक, निवृत्त. बायकोचं नाव इंगर. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. बरोबर आलेल्या वल्लरीने आधी पत्र पाठवलं होतं, तरी इंगरने दार उघडल्यावर मला आत या म्हटलं नाही. हलव्याचा डबा तिने घेतला आणि दाराबाहेरच्या बाकावर ठेवला.

प्रेबेन तिच्या मागून आला. डावी भुवई अर्धी नव्हती, त्या जागी त्वचा चकचकीत आणि खोल होती. तो डोळा पांढुरका. जबडा एका बाजूने खाली उतरला होता आणि शब्द शोधायला त्याला वेळ लागत होता. मी येताना काय बोलायचं ते तयार करून आले होते. त्याच्याकडे पाहिल्यावर त्यातलं एकही वाक्य मला बोलवेना. मी एवढंच म्हटलं की ज्याने तुम्हाला हे केलं त्याला मी पंचवीस वर्षं ओळखते.

त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "माझं गाव पाहिलंत का?"

तो दाखवतो म्हणाला. इंगर त्याला एकटं सोडत नसे, म्हणून तीही आली. आम्ही चौघं चालत निघालो.

नदीकाठी जुन्या धक्क्यावर एक लाकडी खांब आहे. त्यावर गोल पट्ट्या आहेत, प्रत्येक पट्टी एका पुराची. सर्वांत वरची माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होती. १६३४ साली समुद्र रात्रीतून तिथवर चढला होता. प्रेबेन म्हणाला की चर्चच्या आत माणसाच्या कमरेपेक्षा वर पाणी होतं, आणि दलदलीतल्या वाड्यांवरची माणसं गुरांसकट गेली. मला कुरुमचं पाणी आठवलं आणि ते मी त्याला सांगितलं. दयानंदने काच कशी फोडली, राजीवना कसं ओढलं तेही. इंगर पुढे चालत होती. ती न वळता म्हणाली, "म्हणजे तो काचाही फोडतो."

जुन्या नगरगृहात गावाच्या पूर्वीच्या न्यायाच्या वस्तू ठेवल्या आहेत. साखळदंड, हत्यारं, जल्लादाची रुंद तलवार. रीबेचा कायदा एकेकाळी आजूबाजूच्या सगळ्या गावांपेक्षा कडक होता असं प्रेबेनने अडखळत सांगितलं, आणि त्यात त्याला थोडा अभिमान वाटत असावा. याच गावात चेटकीण म्हणून बायकांना जाळलं होतं. वल्लरी मला म्हणाली, आई, दुसरीकडे जाऊ या. पण इंगर तलवारीसमोर उभी राहिली आणि माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलली.

"तुम्ही आमच्याकडे का आलात? आमच्याकडे कोर्ट शिक्षा देतं, कोर्ट सोडतं. ज्याचं डोकं फुटलं त्याच्या दारात कोणी मिठाई घेऊन येत नाही."

मी तिला ओमानमधली तनाज़ुलची रीत समजावून सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे फुटलेल्या डोक्यावर हेही ओझं."

तिचं बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी प्रेबेनने आम्हाला मांडो बेटावर नेलं. रीबेच्या पश्चिमेला समुद्र ओहोटीला कित्येक मैल मागे जातो आणि ओला तळ उघडा पडतो. त्या तळावरून ट्रॅक्टरला जोडलेली उंच बस बेटावर जाते. चिखल, शिंपले, पाण्याचे ओहळ आणि हजारो पक्षी. देवगडच्या खाडीत ओहोटीला असाच वास येतो. चालकाने बजावून सांगितलं की भरती सुरू झाली की परतीचा रस्ता राहत नाही.

बेटावर बांधाच्या आडोशाला वारा कमी होता. तिथे बसून आम्ही जेवायला घेतलं. इंगरने डब्यातून काळा पाव आणि चीज काढलं. तिने प्रेबेनला पाव कापून द्यायला घेतला, तर तो म्हणाला मी कापतो. तिने पुन्हा हात पुढे केला. तेव्हा त्याने तिचं मनगट पकडलं आणि पिरगाळलं. पाव गवतात पडला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नव्हतं. हे मी अगदी जवळून पाहिलं. इंगर ओरडली नाही. ती नुसती थांबून राहिली, ज्याला पुढचं माहीत असतं तसा माणूस थांबतो. थोड्या वेळाने त्याने हात सोडला, तो स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला, आणि डॅनिशमध्ये काही म्हणाला. तिची बाही वर सरकली होती. आत जुने पिवळे डाग होते आणि नवे निळेही.

"नोव्हेंबरपूर्वी ह्याने आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता," ती मला म्हणाली. "चाळीस वर्षं जनावरं कापली आणि घरी येऊन मुलीच्या वेण्या घातल्या. आता ताटं फोडतो. मला मारतो आणि नंतर रडतो. डॉक्टर म्हणतात, डोक्याला लागलं की असं होतं. तुमच्या ड्रायव्हरला ह्याने माफ करायचं, ठीक. माझ्या घरात आलेल्या ह्या माराची माफी मी कोणाला द्यायची?"

वल्लरीने माझा हात धरला. मी सुगंधाबद्दल काही बोलले नाही. ती वेळ नव्हती.

प्रेबेनने गवतातून पाव उचलला, झटकला, आणि खिशातून चाकू काढला. लाकडी मुठीचा, घडीचा, वर्षानुवर्षं धार लावून पातं अरुंद झालेला. तो पाव कापू लागला. मी मान वर न करताच त्याला विचारलं, हा तुमच्याबरोबर ओमानलाही होता का.

"हा नेहमी असतो," तो म्हणाला. "वडिलांचा आहे. विमानात मोठ्या बॅगेत ठेवतो." मग त्याचा हात थांबला. त्याने इंगरकडे पाहिलं. "होता ना?"

इंगर डब्याचं झाकण लावू लागली. वारा होता, पक्षी ओरडत होते. प्रेबेनने तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी त्यांच्या भाषेत, आणि आवाज चढला. तो उठला. मला वाटलं तो आता तिला मारणार. चाकू अजून उघडा होता. वल्लरी मध्ये उभी राहायला गेली, तिला मी मागे ओढलं. इंगरने बसल्या जागेवरून हात वर केला, चाकूचं पातं मुठीत धरलं आणि तो त्याच्या हातातून काढून घेतला. तिच्या बोटांतून रक्त आलं. मग ती इंग्रजीत बोलली, म्हणजे मलाही कळावं म्हणून.

"होता. उघडा होता. तो ड्रायव्हर दगडाने मारत होता आणि ते जनावर मरत नव्हतं. तू मला म्हणालास, हा चुकीचं मारतोय. तू त्याला चाकू द्यायला गेलास. तू पडल्यावर मी चाकू पर्समध्ये टाकला. अनोळखी देश. मला वाटलं चाकू सापडला तर ते म्हणतील, तूच अंगावर गेलास."

प्रेबेन खाली बसला. बराच वेळ तो हाताने हवेत काहीतरी करत होता. मला नंतर कळलं, तो बोकडाचा गळा कुठे धरायचा, पातं कुठे लावायचं ते करून पाहत होता. आठवण आली नाही. पण हात जाणत होता की तो हेच करायला गेला असता.

"त्याला कापायचं माहीत होतं?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं की तो सुरीला हात लावत नाही, आणि का ते सांगितलं. प्रेबेनने ऐकलं. इंगरनेही ऐकलं. तिने बोटांना रुमाल गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता.

ट्रॅक्टरच्या चालकाने हाक मारली म्हणून आम्ही निघालो. परतताना ओहळांत पाणी चढू लागलं होतं आणि बसची चाकं अर्धी बुडत होती.

रीबेला त्यांच्या दारात प्रेबेन मला म्हणाला, शब्द शोधत, पण स्पष्ट, "चाकूचं मी सांगेन. ते खरं आहे. माफ केलं असं मात्र मी लिहिणार नाही. मी पडल्यावर त्याने दुसरा दगड मारला. तो चाकूला नव्हता."

मी मान हलवली. दुसऱ्या दगडाचं त्याला कोणी सांगितलं असेल याचा मी विचार करत होते, तेव्हा इंगर म्हणाली, "मी सांगितलं. ते खोटं नाही." मग तिने कालपासून बाकावरच असलेला हलव्याचा डबा उचलला आणि आत नेला. हलवा तिने खाल्ला की टाकला ते मला ठाऊक नाही.

चाकूबद्दलचं त्या दोघांचं म्हणणं वकिलामार्फत आलं, चाकूच्या फोटोसकट. खोटा जबाब दिल्याबद्दल इंगरला काय सोसावं लागेल असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, लागेल ते लागेल. अपिलात दयानंदची शिक्षा कमी झाली आणि भोगलेली तुरुंगवासाची मुदत धरून तो ऑक्टोबरमध्ये सुटला. पण व्हिसा रद्द. तुरुंगातून पोलिसांच्या गाडीतून थेट विमानतळ. जमालने ओळखीने पाच मिनिटं मिळवून दिली. तो दयानंदची बॅग घेऊन आला होता, मी सुगंधासाठी एक शाल घेतली होती.

दयानंद वाळला होता. केस पूर्ण पांढरे. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. जमालने त्याला मिठी मारली तेव्हाही त्याने पाठ भिंतीपासून हलवली नाही.

मी त्याला सांगितलं की चाकू होता. तू म्हणत होतास ते खरं होतं. त्याने मान डोलवली. मग मी सांगितलं की तो माणूस तुला मारायला आला नव्हता, चाकू द्यायला आला होता. पोलिसाने घड्याळाकडे पाहिलं.

"बोलता कसो आता तो?" दयानंदने विचारलं.

खरं सांगावं की नाही याचा मी येताना गाडीत विचार केला होता आणि ठरवलं होतं की तो विचारेल तेवढंच सांगायचं. त्याने विचारलं. म्हणून मी सगळं सांगितलं. डोळा, जबडा, शब्द. ताटं फोडतो ते. बायकोच्या हातावरचे डाग.

"बायलेक मारता?"

"हो."

"आधी नाय मारी?"

"कधीच नाही."

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, भिंतीच्या आणि स्वतःच्या मध्ये, आणि तसाच उभा राहिला. "म्हणजे माझो मार थयसर पोचलो," तो म्हणाला. पोलीस म्हणाला यल्ला, चल आता, आणि दयानंद बॅग घेऊन गेला. शाल जमालच्या हातातच राहिली. ती मी पुढे कुणाबरोबर तरी पाठवली.

त्याच्या सुटकेची बातमी सुगंधाला मी आधीच फोनवर दिली होती. तिने विचारलं होतं, "ते आता कायमचे येतले?" मी हो म्हटल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं फोन तिने बहिऱ्या कानाला लावला असेल.

तो गेल्यावर चार दिवसांनी तिचाच फोन आला. ते पोचले, म्हणाली. घरात पाऊल टाकलं नाही, पडवीत खाट टाकून घेतली. जेवणाचं ताट तिने उंबऱ्यावर ठेवायचं आणि आत जायचं, मग तो उचलून घेतो. ती जवळ असेल तर हात लावत नाही. पहिल्या दिवशी तिने जवळ जाऊन वाढायचा प्रयत्न केला, तर तो उठून अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

"भिती वाटता गे तुका?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"वाटायची," ती म्हणाली. "आता त्येंका माझी वाटता."

तिने मला विचारलं की तुरुंगात असं काय झालं. मी सांगितलं, तुरुंगात नाही. मग तिला रीबेचं सांगितलं, तो खांब, ती भरती, इंगरचं मनगट. तिने मध्ये एकदाच विचारलं, त्या बाईचा कान बरा आहे ना. मी म्हटलं, कान बरा आहे. ती म्हणाली, बरं झालं, आणि ताट ठेवायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर २०१४, रविवार. चकलीची भाजणी रुवीहून दळून आणली. जरा जाडसर आली आहे.